सतरा पेट्या

काढलेला खिळा ती कधी फेकायची नाही. दगडावर आडवा ठेवून हातोडीचे दोन हलके ठोके द्यायची, सरळ करायची आणि लांबी बघून तीनपैकी एका डब्यात टाकायची. चौथा डबा फारच वाकलेल्यांचा. त्यांना ती ‘पेन्शनीत गेलेले’ म्हणायची.

पेन्सिल अंबाड्यात खोचायची आणि मग घरभर पेन्सिल शोधायची.

कुणाकडेही गेली तरी बसण्याआधी खुर्ची जरा हलवून बघायची. डुगडुगली तर तिथे काही बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी पाचर घेऊन हजर.

चहा गार होईपर्यंत विसरायची आणि गार झाला म्हणून कुरकुरायची.

फळी कापण्याआधी तिच्याशी काहीतरी पुटपुटायची. काय, ते नवऱ्यालाही चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, “आमचं आमचं असतं.”

आणि लाकूड हुंगायची. त्यासाठी तिची एक रीत होती. तळहातावर थोडं पाणी घ्यायचं. फळीच्या कापलेल्या टोकाला ते चोळायचं. मनात दहा आकडे मोजायचे. मग डोळे मिटून नाक टेकवायचं. कोरडं लाकूड काहीही पोटात ठेवतं, ओलं केलं की सगळं सांगून टाकतं, असं तिचं म्हणणं होतं.

ती झाडांसाठी पेट्या करायची. टाकाऊ लाकडाच्या. कुणाचं मोडलेलं दार, शाळेने काढून टाकलेली बाकं, दुकानातली जुनी मांडणी, पलंगाच्या पाट्या. भंगारवाल्याच्या आवारातून फळ्या निवडून आणायची, खिळे उपसायची, रंधा मारायची आणि पेट्या जोडायची. हातभर रुंद, दीड हात लांब. तळाला नऊ भोकं. चार कोपऱ्यांना चार बुटके पाय. बाहेरून जवसाचं तेल. दर रविवारी पोस्टाच्या भिंतीपाशी ती त्या मांडून बसायची. लोक त्यांत पालक लावायचे, पुदिना, मिरच्या, टोमॅटो. कुणी गॅलरीत, कुणी जिन्यात, कुणी गच्चीवर.

त्याआधी सव्वीस वर्षं ती पंपांच्या कारखान्यात होती. पॅकिंग खात्यात. पंप बाहेरगावी जायचे ते लाकडी खोक्यांतून, आणि ती खोकी ती ठोकायची. कुठून कुठून परत आलेलं लाकूड तिथे पुन्हा वापरायचे. कशात तेल मुरलेलं असायचं, कशात ॲसिड, कशात उंदरांचं औषध. एकदा अशा एका खोक्यावर चपात्या ठेवून जेवलेल्या दोघींना दिवसभर उलट्या झाल्या. तेव्हापासून ती हुंगायला लागली. निवृत्त झाली तेव्हा खात्याने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. नाक तिचं तिने बरोबर आणलं.

भंगारवाला तिला तोंडावर ताई म्हणायचा आणि पाठीमागे नाकवाली. त्याच्या आवारात मोठा माल आला की तिला निरोप जायचा. तिने मान हलवली की माल चांगल्या ढिगात. तिने तोंड वाकडं केलं की मागच्या भिंतीशी. दुसरी गिऱ्हाइकं आली की तो छाती पुढे काढून सांगायचा, “ताईंनी हुंगलंय. डोळे मिटून न्या.”

नवरा शिंपी. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं मशीन. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, तीही मास्तरच म्हणायची. मास्तरांना चाळीस वर्षांची तपकीर. त्यांना कसलाच वास यायचा नाही. दूध करपलं तरी ते मशीनवर गाणं गुणगुणत असायचे.

“आमच्या घरात नाक एकच,” ते लोकांना सांगायचे. “माझं नुसतं चष्म्यासाठी आहे.”

गेल्या थंडीत तिला ताप आला. अकरा दिवस. ताप गेला. अशक्तपणा गेला. वास काही आला नाही.

ते आधी साबणावरून कळलं. आंघोळ करताना तिला वाटलं, साबण जुना झाला. मग तिने फडताळातली टर्पेंटाइनची बाटली काढली, बूच उघडलं आणि नाकाशी धरली. पाण्याची बाटली धरावी तसं वाटलं. ती फडताळासमोर जमिनीवरच बसली. मग बूच लावलं, बाटली जागच्या जागी ठेवली आणि कुणाला काही बोलली नाही.

येईल परत, असं तिने मनाशी धरलं. आठवडा गेला. महिना गेला. रोज सकाळी मास्तरांचं मशीन सुरू झालं की ती फडताळ उघडायची.

सांगायचं काय आणि कुणाला? तिच्यापेक्षा सफाईदार हाताची माणसं त्या शहरात होती. तिची करवत किंचित डावीकडे जायची, हे तिला ठाऊक होतं. लोक तिच्याकडे यायचे ते नाकासाठी. हिच्या पेटीतलं बिनघोर खावं, असं एकाने दुसऱ्याला सांगितलेलं असायचं. नाक गेलं म्हटल्यावर उरतं काय? एक म्हातारी आणि चार फळ्या.

दोन महिन्यांनी भंगारवाल्याचा निरोप आला. कुठलंसं गोदाम मोडलं होतं, तिथल्या मांडणीच्या चाळीस फळ्या. साग नव्हता, पण सरळ, दोन बोटं जाड, गाठ नाही, कीड नाही. इतक्या निर्मळ जुन्या फळ्या तिने वर्षात पाहिल्या नव्हत्या. कीड का नाही, हा प्रश्न तिला तिथेच पडायला हवा होता.

“बघा ताई. कुणाला हात लावू दिला नाही. तुमच्यासाठी बाजूला ठेवल्यात.”

“कुठल्या गोदामाच्या रे भाऊ?”

“धान्याबिन्याचं असेल. ट्रकवाल्याला काय ठाऊक? आणि तुम्ही असताना मी कशाला डोकं शिणवू?”

आवारात आणखी दोघं-तिघं उभे होते. तिच्याकडेच बघत होते. तिने तळहातावर पाणी घेतलं. टोकाला चोळलं. दहा आकडे मोजले. डोळे मिटून नाक टेकवलं. नाकाला गार आणि ओलं लागलं. एवढंच.

तिने मान हलवली.

त्या क्षणी तिने काय विचार केला, हे तिने नंतर सांगितलं. इतकी वर्षं माल घेणारा माणूस, त्याच्या चेहऱ्यावर शंकेची रेघ नाही. काही असतं तर त्याला कळलं असतं. आणि भंगारवाल्याने तिची मान हललेली पाहिली आणि तो निश्चिंत झाला. दोघंही एकमेकांच्या भरवशावर राहिली. फळी हुंगली कुणीच नाही.

सदतीस फळ्यांच्या सतरा पेट्या झाल्या. तीन फळ्या उरल्या, त्या तिने भंगारवाल्याकडेच ठेवल्या. पेट्या चार रविवारांत संपल्या.

त्यानंतर महिनाभराने, एका दुपारी, समोरच्या इमारतीतली नर्स ड्यूटीवरून तशीच तिच्या दारात आली. कडेवर मूल घ्यावं तशी पेटी घेतली होती. आत माती, आणि पालकाची पिवळी, आडवी झालेली रोपं.

“मावशी, ह्याला पाणी घातलं की वास येतो.”

“तेलाचा असेल. जवसाच्या.”

“जवसाचा मला माहीत आहे. हा ढेकणाच्या औषधासारखा आहे. हे काय, इथवर येतोय. तुम्हाला नाही येत?”

तिने पेटी घेतली. वाकली. डोळे मिटले.

“येतो थोडासा,” ती म्हणाली. “ठेवून जा सिस्टर. दुसरी करून देते.”

नर्स निघाली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. दवाखान्यात वीस वर्षं काढलेली बाई. माणसं काय लपवतात आणि कशी लपवतात, हे तिने रोज पाहिलेलं.

“मावशी, कधीपासून येत नाही?”

“काय?”

“वास.”

तिने पेटीतलं एक रोप उचललं, मातीत पुन्हा उभं करून बघितलं. ते परत पडलं.

“तापानंतर,” ती म्हणाली. “मास्तरांना सांगू नकोस हं.”

“मास्तरांनी पालक नाही लावलेला मावशी. ज्यांनी लावलाय त्यांना सांगायला हवं.”

नर्स गेल्यावर ती मास्तरांच्या खोलीत गेली. ते एका पँटची शिवण उसवत होते. ती समोरच्या स्टुलावर बसली. बसण्याआधी स्टूल हलवून पाहिलं नाही.

“मास्तर, माझं नाक गेलं.”

“कुठे?” ते मान वर न करता म्हणाले.

“थट्टा नका करू. थंडीतल्या तापात गेलं. काही म्हणजे काही येत नाही. टर्पेंटाइनसुद्धा.”

मास्तरांनी चष्मा काढला. “आणि हे आत्ता सांगतेस? मी त्या खात्यातला जुना माणूस. अनुभवाचे चार शब्द सांगितले असते की नाही?”

ती हसली नाही. तिने गोदामाच्या फळ्यांचं सांगितलं, आवारातलं सांगितलं, पालकाचं सांगितलं. मास्तरांच्या हातातली उसवणी तशीच राहिली.

“किती पेट्या?”

“सतरा. एक आली. सोळा बाहेर आहेत.”

“दारोदार जाऊन सांगणार?”

“हो.”

“मग पोस्टाच्या भिंतीपाशी कुणी फिरकणार नाही तुझ्याकडे. नाकासाठीच येतात तुझ्याकडे, करवतीसाठी नव्हे. तुझी करवत आपली देवाच्या मर्जीने जाते.”

“मास्तर, तुम्ही कोट शिवून दिला. गिऱ्हाईक घालून गेलं. मग लक्षात आलं की कॉलरच्या अस्तरात सुई राहिली. काय कराल?”

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“चप्पल न घालता धावेन,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भंगारवाल्याकडून हातगाडी मागून आणली. आधी त्यालाच सांगावं लागलं.

“ताई, मी तुमची मान बघितली हो.”

“आणि मी तुझं तोंड.”

तो आत गेला, उरलेल्या तीन फळ्या उचलून आणल्या आणि गाडीत टाकल्या.

विकलेल्या पेट्यांची तिने कधी नोंद ठेवली नव्हती. पण पेटी कुठे जाणार, हे ती घेणाऱ्याला विचारायची, म्हणजे पाय किती उंच ठेवायचे ते ठरवता यायचं. त्यावरूनच तिला माणसं आठवायची. जिन्यातली. उन्हाच्या गॅलरीची. मांजर आहे ती. भाड्याच्या खोलीवाली, जिच्या मालकाला भिंत ओली झालेली खपत नाही.

प्रत्येक दारात ती तेच सांगायची. “माझं नाक गेलंय. तरी मी तुम्हाला ही पेटी विकली. ह्या लाकडात औषध मुरलंय. ह्यातलं काही खाऊ नका. पेटी मातीसकट मला द्या, मी दुसरी देते.” पहिल्या दारात तिने मध्ये तापाचंही सांगितलं. पाचव्या दारापर्यंत तिने ताप गाळून टाकला. ताप आला म्हणून तिने मान हलवली नव्हती.

एका घरात तरुण आई होती. “आम्ही दोनदा भाजी केली त्या पालकाची,” ती म्हणाली. “बाळाला अजून दिली नव्हती. आजपासून द्यायची होती.” तिने रागाने एक शब्द काढला नाही. तेच जड गेलं. खाली येऊन मावशी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली आणि गाडी ओढायला उठेपर्यंत बराच वेळ गेला. संध्याकाळी तिने नर्सला त्या घरी पाठवलं, डॉक्टरांचा पत्ता देऊन.

एका माणसाने दार उघडलं आणि ऐकून बंद केलं. पेटी नंतर जिन्यात आपटल्याचा आवाज आला. ती जिना चढून गेली, फुटलेल्या फळ्या गोळा केल्या, माती हाताने भरून घेतली.

एक निवृत्त कारकून मात्र ऐकेना. “माझ्या पेटीत शेवंती आहे. शेवंती कोण खातं?”

“आज शेवंती आहे. तुम्ही नसाल तेव्हा दुसरं कुणी येईल. त्यात मिरच्या लावेल.”

“मी कुठे जाणार? माझं वय बघा जरा.”

“तेच बघतेय,” ती म्हणाली.

ते दारातच हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मग स्वतः पेटी उचलून गाडीपर्यंत घेऊन आले.

परत आलेली पेटी ती अंगणात नेऊन सोडवायची. मग प्रत्येक फळीचे वीतभर तुकडे करायची. विताएवढ्या तुकड्यांची कुणी पुन्हा पेटी करू शकत नाही, म्हणून. जाळायचं तर धूर विषारी. टाकायचं तर उद्या कुणीतरी उचलून नेणार. आयुष्यभर तिने वीतभर फळीसुद्धा वाया घालवली नव्हती. तेवढ्या तुकड्यातूनही ती कधी काळी टॉवेलची खुंटी, दाराची पाचर असं काहीतरी काढायची. आता ती कापत सुटायची. करवत डावीकडे गेली तरी फिकीर नव्हती. नर्सच्या ओळखीने दवाखान्याच्या कचऱ्याची गाडी येऊन तुकड्यांची पोती आणि माती घेऊन जायची.

बदल्यात द्यायच्या पेट्यांचं लाकूड आता नर्स हुंगायची.

“दहा मोज सिस्टर.”

“मोजले.”

“आठच मोजलेस. मी तुझ्याबरोबर मोजत होते.”

“मावशी, दवाखान्यात मी नाडी मोजते.”

“ती पळत असते. लाकूड बसलेलं असतं. पुन्हा मोज.”

पोस्टाच्या भिंतीपाशी ती रविवारी बसायची थांबली. मास्तरांचा अंदाज खरा की खोटा, हे बघायला तिला वेळच नव्हता. पंधरा दिवसांत सोळा पेट्या परत आल्या. नर्सची धरून.

सतरावी उरली.

ती विकली गेली तो शेवटचा रविवार. ती आवरत होती. एक बाई स्कूटरवरून घाईने आल्या, मागे मुलगा पेटी धरायला. पेटी कुठे ठेवणार, असं तिने सवयीने विचारलं. “पुलापलीकडे राहतो आम्ही,” बाई म्हणाल्या. “दारापुढे ठेवीन. नात मागे लागलीय. तिला टोमॅटो स्वतःच्या हाताने तोडून खायचाय.” हेल्मेट घातलेलं. चेहरा नीट दिसला नाही. स्कूटरचा रंग हिरवा की निळा, हेही तिला नक्की सांगता येईना.

पालक लवकर मान टाकतो. टोमॅटो चिवट. तो त्या मातीत उभा राहील, फुलेल, फळही धरेल. रोपापासून लाल फळापर्यंत अडीच महिने. पेटी जाऊन दोन महिने होत आले होते.

मास्तरांनी कपड्याचं कटिंग काढायचा मोठा तपकिरी कागद घेतला. पोस्टमनला बसवून पुलापलीकडच्या सगळ्या गल्ल्या त्यावर आखून घेतल्या. एकतीस निघाल्या. कोट बेतावा तसा त्यांनी तो नकाशा बेतला होता, पट्टी लावून. कागद भिंतीवर टांगला. ती रोज दुपारी पुलापलीकडे जायची, एक गल्ली पायी फिरायची, संध्याकाळी येऊन त्या गल्लीवर दोन तिरक्या रेघांची काट मारायची.

आपली पेटी ती लांबून ओळखायची. बुटक्या पायांवरून. पेटी दिसली नाही तर दारं वाजवायची. “दारापुढे टोमॅटो लावलेत का हो कुणी? घरात लहान नात आहे का?” कुणाला ती नगरपालिकेची वाटली. कुणाला बी विकणारी. एका घरात तिला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, आजी, घर चुकलात का?

“आज सुट्टी घे,” मास्तर एकदा म्हणाले. “पाय बघ केवढे सुजलेत. गुडघ्याचं माप घ्यायला माझी टेप पुरायची नाही.”

“टोमॅटो सुट्टी घेतो का?”

“मग मी येतो बरोबर.”

“तुम्ही इथे बसा. त्या बाई कधी स्कूटरवरून रस्त्याने गेल्या तर कुणीतरी दिसायला हवं.”

मास्तर त्यानंतर मशीन खिडकीशी सरकवून बसले. येणाऱ्या प्रत्येक स्कूटरला त्यांचा पाय मशीनच्या पेडलवर थांबायचा. शिवणीत त्या आठवड्यात फार गाठी आल्या.

मंगळवारी ती लवकर परत आली. दम लागला होता. गल्लीची डावी बाजू झाली, उजवी राहिली, असं तिने सांगितलं. उजव्या बाजूला एका दारापुढे काहीतरी लाकडी दिसलं होतं लांबून, पण तिथवर पाय चालेनात. उद्या तिथून सुरुवात करते, म्हणाली. चहा गरम असतानाच प्यायली. भिंतीपाशी गेली, काट मारायला पेन्सिल टेकवली आणि एकच तिरकी रेघ ओढून थांबली.

बुधवारी सकाळी ती उठली नाही.

एवढंच झालं. डॉक्टर म्हणाले, झोपेत. मास्तरांनी दोनदा विचारलं, झोपेत ना. डॉक्टर दोनदा हो म्हणाले.

कागद भिंतीवर तसाच आहे. बारा गल्ल्यांवर पुरी काट आहे. तेराव्या गल्लीवर एकच रेघ आहे, डावीकडून खाली येणारी. चौदावीपासून पुढे नुसत्या मास्तरांच्या सरळ रेषा.